भाकरीवरून हळदीचा भाव

सांगलीला नांदायला आले तेव्हा माझी चौथी झाली होती. हळदीचा बाजार मला सासूने शिकवला, आणि तिने शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

ती हळदीच्या पेठेत हमालांना दुपारची भाकरी विकायची. व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. बाहेरच्याला कळायची ती नुसती आरडाओरड. सासू म्हणायची, "भाव तोंडानं बी पाडत्यात. पोती हलली का ते बघावं." पोती हलली नाहीत की हमाल अर्ध्या भाकरीवर उठायचा. सकाळपासून पाठीवर वाहिली, की तीन खायचा.

एका साली भाव रोज उतरायला लागला. आमची वर्षाची सगळी हळद हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात, होती. पेव एकदा उघडलं की सगळं रिकामं करावं लागतं. मामंजींचा धीर सुटला.

"उद्या पेव उघडतो. मिळंल त्या भावाला घालतो."

"आवं, थांबा," सासू म्हणाली. "आज भाकरी दुप्पट खपल्या. मागं दोनदा भाव हितंवर उतरला, तवा बी अशाच खपल्या, आन् भाव वर गेला. ह्या भावाला कोनतरी मिळंल तेवढी उचलतंय. ह्याच्या खाली न्हाई जायचा."

"भाकरी मोजून हळद ठिवू व्हय?"

"तुमच्या अकलंनं ठिवली हुती की मागल्या साली! किडं खाऊन गेलं."

मामंजींनी पेवाचा विषय सोडला. शंका मला आली. त्या दिवशी सासूची पाठ धरली होती, म्हणून कालवण मी केलं होतं, सुक्या बोंबलाचं. हमाल बोटं चाटत उठले होते. मग भाकरी हळदीने खपवल्या की बोंबलांनी? नव्या सुनेने बोलू नये, पण वर्षाची हळद जात होती. बोलले.

सासूने मला खालवर बघितलं. मग मामंजींना म्हणाली, "एक दिस थांबा. उद्या बी हीच रांधंल, पर वंगाळ. तरी खाल्लं तर मी खरी."

वाईट रांधायला मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी जमलं. डाळ कच्ची ठेवली, मीठ घातलंच नाही. भाव दुसऱ्या दिवशीही तिथेच होता. दुपारी मुकादमाने पहिला घास घेतला आणि थांबला.

"मावशे, ही आमटी हाय का हात धुवायचं पानी?"

"गिळ रं मुकाट्यानं."

शिव्या देत देत त्यांनी भाकरींची पाटी रिकामी केली आणि वर आणखी मागितल्या. एक गडी तर नुसत्या मिरचीशी चौथी भाकरी खात होता. शिव्या ऐकून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पेव बंद राहिलं. भाव आठवडाभर तिथेच घुटमळला आणि चढला. मग मामंजींनी हळद विकली आणि आपल्याला बाजार कळतो असं पेठभर सांगत फिरले.

सासूने मला पुढे दोन वर्षं कालवणाला हात लावू दिला नाही. म्हणाली, "तुज्या हातानं माजा अंदाज बिघडतुया." मला काय, चुलीपुढचं एक काम कमी झालं.