यादीत नसलेला माणूस

सरांनी एकतीस वर्षं शाळेचं वेळापत्रक बनवलं. एका वर्गात एका तासाला दोन शिक्षक येऊन उभे राहिलेत असं त्या एकतीस वर्षांत कधी झालं नाही. मुलं पाठीमागे त्यांना ‘वेळापत्रक’च म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

निवृत्तीनंतर ते एका सेवामंडळात जाऊ लागले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी कशी घ्यायची, याची कार्यशाळा हे मंडळ दर तीन महिन्यांनी भरवत असे. शिकवायला एक निवृत्त परिचारिका होत्या आणि नावं नोंदवायला काकू. सरांच्याच वयाच्या असल्या तरी सर्वांच्या त्या काकूच. नोंदणीसाठी फोन आला की काकू विचारत, घरी कोण आजारी आहे, किती दिवस झाले, रात्री झोप लागते का तुम्हाला. एकेक फोन पाऊण पाऊण तास चालायचा. नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही. मागच्या खेपेला तीस खुर्च्यांना बेचाळीस माणसं आली आणि परिचारिकाबाईंना हात हलवायलाही जागा उरली नाही.

त्यानंतरच्या बैठकीत सरांनी मोबाइलवर भरायचा फॉर्म पुढे केला. तीन दिवस खपून त्यांनी तो स्वतः तयार केला होता. तीस नावं झाली की आपोआप बंद होणारा.

“आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांनी काय करायचं?” काकूंनी विचारलं.

“कोणाकडून तरी भरून घेतील. काकू, आपल्याला नोंदणी करायची आहे की सोयरीक जुळवायची आहे?”

सगळे हसले. काकूंनी वही मिटली, पिशवीत टाकली आणि पुढचा विषय निघाला.

फॉर्म एका तासात भरला. सरांनी ती बातमी मंडळात दोनदा सांगितली.

कार्यशाळेच्या सकाळी छापील यादी घेऊन ते दारात बसले. दहाला दहा मिनिटं असताना एक माणूस आला. पन्नाशी उलटलेला, नखांत काळं वंगण, शर्ट मात्र इस्त्रीचा.

“नाव?”

त्याने सांगितलं. यादीत नव्हतं.

“पुलापलीकडून आलोय, सर. सायकलचं दुकान बंद ठेवून. बायकोजवळ शेजारीण बसलीय दोन तास. मी मागे उभा राहीन.”

“एकाला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागतं. पुढच्या वेळी फॉर्म भरा.”

“बरं,” तो म्हणाला. वाद नाही, विनवणी नाही. वळला आणि गेला. त्याच्यामागोमाग आलेल्या तिघांनाही सरांनी तसंच परत पाठवलं. आपण नियम मोडला नाही, याचं समाधानही वाटलं त्यांना.

साडेदहा झाले तरी तीसपैकी अकराच जण आले होते. फॉर्म भरायला एक मिनिट लागलं होतं, विसरायला तेवढंही नाही. परिचारिकाबाईंनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं आणि शिकवायला सुरुवात केली. सर चप्पल घालून रस्त्यावर धावले. कोपऱ्यापर्यंत गेले. कोणी नव्हतं. परत येऊन मागच्या रांगेत बसले. रुग्णाला कूस कशी बदलून द्यायची ते बाई दाखवत होत्या आणि सरांची नजर वर उठत नव्हती.

दुपारी त्यांनी काकूंचं दार वाजवलं.

“सायकलवाले ना?” सगळं ऐकून काकू म्हणाल्या. “पाच महिने झाले त्यांच्या बायकोला. मला फोन केला होता त्यांनी. मी सांगितलं, नोंदणी आता माझ्याकडे नाही, मोबाइलवर आहे. तुम्हीच सांगितलं होतंत ना तसं सांगायला?”

सर कानकोंडे होऊन उभे राहिले. काकूंनी पत्ता लिहून दिला. बसा म्हणाल्या नाहीत.

दुकानामागे एकच खोली होती. खिडकीशी खाट, आणि तो माणूस बायकोला दंडाला धरून कुशीवर ओढायची खटपट करत होता. सरांना पाहून तोच ओशाळला.

“माझंच चुकलं, सर. मला ते फॉर्मचं काही कळत नाही. विचारायची लाज वाटली.”

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. यापेक्षा चार शिव्या बऱ्या होत्या.

“कोण आलंय?” खाटेवरून प्रश्न आला.

“कार्यशाळेतले सर. माझं नाव नव्हतं ना यादीत.”

“तुमचं नव्हतं? आजारी तर मी आहे. माझं होतं का?”

तो हसला. सरांना हसता येईना.

“दंडाला धरून ओढू नका,” ते कसेबसे म्हणाले. “गुडघा वाकवा आधी. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे.” सकाळी मान खाली घालून जेवढं कानावर पडलं होतं, तेवढंच त्यांच्यापाशी होतं. दोघांनी मिळून तिला वळवलं. माकडहाडापाशी पडून पडून उठलेला तळहाताएवढा लाल चट्टा होता.

“चार दिवस झाले,” तो हळूच म्हणाला. “म्हणून तर आलो होतो.”

सरांनी कळवलं तशा परिचारिकाबाई त्याच संध्याकाळी येऊन गेल्या, आणि मग महिनाभर एक दिवसाआड.

पुढच्या बैठकीत चिटणिसांनी इतिवृत्त वाचलं: “काही इच्छुकांना सहभागी होता आले नाही.”

“असं लिहू नका,” सर उभे राहिले. “एकोणीस खुर्च्या रिकाम्या असताना चार माणसांना दारातून परत पाठवलं. पाठवणारा मी. असं लिहा. आणि काकू, मी तुम्हाला बोललो, ते चुकलं.”

“तुम्ही बोललात ते राहू द्या,” काकू म्हणाल्या. “हसले मात्र सगळे होते.”

मग ठरलं: निम्म्या जागा फॉर्मवर, निम्म्या काकूंच्या वहीत. दोन दिवस आधी प्रत्येकाला फोन करायचा, आणि सव्वादहाला जी खुर्ची रिकामी असेल ती दारात उभ्या असलेल्याची. फोन करायचं काम सरांनी मागून घेतलं. पहिला फोन त्यांनी दीड मिनिटात उरकला. समोर बसलेल्या काकू म्हणाल्या, “घरी कोण आजारी आहे, ते विचारलंत का?” त्यांनी परत लावला. तो फोन सतरा मिनिटं चालला.

बाकीच्या तिघांचा पत्ता लागला नाही. सायकलवाल्याच्या बायकोचा चट्टा बरा झाला. पण सर अजूनही बाजारात जाताना पुलावरून जात नाहीत, लांबच्या रस्त्याने जातात. दुकानासमोरून गेलं की तो हातातलं काम टाकून, स्टुलावरून उठून त्यांना नमस्कार करतो.