ओटीपी दिराच्या फोनवर

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. कधी, तर गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, लोणी काळभोरला, सासरच्या गोठ्यापुढे गाय-वासराची पूजा चालू असताना. स्थळ-काळ मुद्दाम सांगते. पत्रकं लिहून एवढं शिकले आहे की ‘कुठेतरी, कधीतरी’ म्हटलं की लोक कागद घडी घालून खिशात टाकतात.

बाळंतपणानंतर ताईची झोप उडाली होती. बाळ रडलं की ती रडायची. बाळ गप्प झालं तरी तिचं चालूच. एकदा फोनवर तिने विचारलं, “मला माझं बाळ आवडत नाही का गं?” इतक्या हळू, की मला आधी वाटलं रेंज जातेय. मी तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. सासरी सांगितलं, दाढ दुखते. दाढ दुखायला कुणाची हरकत नसते. ती स्वारगेटला उतरायची, तिथून आम्ही रिक्षाने हॉस्पिटलला. गोळ्या लागू पडल्या. एका खेपेला तर ती बाळाच्या शिंकेची नक्कल करतच बसमधून उतरली. मी स्टँडवर उभी राहून रडले, आणि तिनेच मला दटावलं.

बाळंतपण त्याच हॉस्पिटलात झालं होतं, म्हणून तिची फाइल संगणकात आधीच होती, आणि तिच्यात नंबर होता दिराचा. त्या घरात गॅस, रेशन, बँक, शाळा, सगळीकडे त्याचाच नंबर. त्याला ‘घरचा नंबर’ म्हणतात. ताईने पहिल्याच दिवशी खिडकीत आपला नंबर सांगितला होता. आतल्या बाईंनी मान डोलावली, संगणकाने जुनाच ठेवला. मग दिवाळीच्या तोंडावर हॉस्पिटलने नवी सोय काढली: पुढच्या भेटीची आठवण मोबाइलवर. सोय!

दीर गाय-वासराचा फोटो काढत होता, तेव्हा मेसेज आला. त्याने तो सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचला. ताईचं पूर्ण नाव, विभाग मानसोपचार.

“वैनी, दाढ डोक्यात उगावली व्हय?”

सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताईच्या कडेवरचं बाळ उचललं. “दे हिकडं. येडीच्या हातात लेकरू नगं.”

पाडव्याला नवऱ्याने तिला मोटरसायकलवरून कात्रजला आमच्याकडे आणून सोडलं. गाडी बंदही केली नाही. “बरी झाली की ये. लेकरू हितं हाय, कुठं जातंय?”

बरं व्हायचं तर हॉस्पिटल. आणि हॉस्पिटलात गेलं की पुन्हा दिराच्या फोनवर दवंडी. म्हणून मी तिला घेऊन आधी नंबर बदलायला गेले.

“बदलता येईल की,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. “ओटीपी लागेल.”

“पाठवा.”

“तो जुन्या नंबरवर जातो.”

“म्हणजे हिच्या आजाराची बातमी दिराला कळू नये, म्हणून हिने दिराचीच परवानगी मागायची?”

“मॅडम, हे सुरक्षिततेसाठी आहे.”

“कुणाच्या?”

“ओरडू नका हो. इथे पेशंट असतात.”

“मग ही काय फिरायला आलीये?”

रांगेतले लोक आमच्याकडे बघायला लागले. ताईने माझी ओढणी ओढली, आणि आम्ही बाहेर पडलो. त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांनी त्यांच्या पडद्यावर होतं ते सांगितलं. राग आहे तो ज्यांनी हा पडदा बनवला, विकला, विकत घेतला, आणि एका खोलीत बसूनही ज्यांपैकी एकालाही हा प्रश्न पडला नाही त्यांच्यावर.

मी लेखी तक्रार दिली. माझा नंबर ठळक लिहिला. उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं. फाइलीतल्या नंबरवर.

दिराचा फोन आला, “काय ओ, तुमची तक्रार पोचली बरं का माज्याकडं. दखल घेतलीय म्हनत्यात.”

त्यानंतर ताईने हॉस्पिटलचं नाव काढलेलं नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणते, “तिथेही आधी नंबरच विचारतील.” गोळ्या संपल्या. पुन्हा झोप नाही. बाळासाठी कोर्टात जाऊ म्हटलं, तर म्हणते, “ते पहिला पुरावा म्हणून तोच मेसेज दाखवतील.” संध्याकाळी कधी दिराची मर्जी असली तर व्हिडिओ कॉल येतो. बाळ पडद्याला नाक लावतं, मग त्याला काहीच दिसत नाही, ते कंटाळून निघून जातं. ताई रिकाम्या भिंतीकडे बघत राहते. कॉल तिकडून बंद होईपर्यंत ती स्वतः कधी बंद करत नाही. बाळ शिंकतं का अजून तसंच, तिला माहीत नाही.

हे वाचून हळहळू नका. हळहळ आमच्या घरी भरपूर आहे. आत्ता फोन काढा. तुमचाच नंबर ‘घरचा नंबर’ असेल, तर बायकोच्या, बहिणीच्या, भावजयीच्या कुठल्या तपासण्या, कुठल्या भेटी तुमच्या खिशात येऊन पडल्यात ते बघा. ते मेसेज वाचू नका, कुणाला पाठवू नका. ते तिच्या हातात द्या. मग तिच्याबरोबर त्या खिडकीपाशी जा आणि तिचा नंबर लावून घ्या. ओटीपी तुमच्याकडेच येणार आहे. तो तिला सांगा, आणि कशाला हवाय, हे विचारू नका.