शकुताईंचा हात लागला

आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेत हिरे आहेत म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात. दाखवले की तोंडं पडतात. नखाएवढ्या करड्या चकत्या, त्यांवर चढवलेला हिऱ्याचा पातळ थर. विषाणूचं प्रथिन त्या थराला चिकटलं की यंत्रावरची रेषा उसळते.

या चकत्या धुवायचं काम शकुताई कांबळेंचं. राहायला वाकोल्याला, माहेर वाशीमकडचं, अकरा वर्षं आमच्याकडे मदतनीस. धुतलेल्या चकतीवर त्या पाण्याचा एक थेंब सोडतात आणि वाकून बाजूने बघतात. थेंब गोल उभा राहिला तर चकती चांगली, पसरला तर बाद. पुस्तकात याला लांबलचक नाव आहे. शकुताई म्हणतात, ‘उभा’ नाहीतर ‘लोळला’.

त्या सोमवारी यंत्र बघायला पाहुणे यायचे होते. शकुताई सकाळीच म्हणाल्या, “मॅडम, थेंब लोळतोय. शनिवारी सगळे उभे होते ना.”

“आत्ता नको हो शकुताई, आधीच माझी वाट लागलीय.”

पाहुण्यांसमोर मी चकतीवर नुसतं मिठाचं पाणी टाकलं आणि रेषा उसळली. साध्या पाण्यात विषाणू! सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, डॉक्टरेट मिळवलेली मधुवंती, फटकन बोलून गेले, “शकुताईंचा हात लागला असणार.”

हात लागला. आमच्या घरातल्या जुन्या बायका हे शब्द कुणाबद्दल वापरायच्या, मला पक्कं ठाऊक आहे. शकुताई दर चौदा एप्रिलला आम्हाला पेढे देतात. त्यांनाही ठाऊक आहे. त्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि बाहेर गेल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी चकत्या दुसऱ्या मदतनिसाकडे, नितेशकडे दिल्या, शकुताईंना बाटल्या धुवायला बसवलं. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

गुरुवारी निळ्या दिव्यावरचा तासांचा आकडा बघितला आणि उलगडा झाला. शनिवारी शकुताई गेल्यावर, जास्तीची स्वच्छता म्हणून, मीच त्या चकत्या त्या जंतू मारणाऱ्या दिव्याखाली ठेवल्या होत्या आणि दिवा तसाच चालू ठेवून घरी गेले होते. दोन दिवसांत त्याने थराचा पृष्ठभाग बदलला, मग त्याला वाटेल ते चिकटायला लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शकुताई बाटल्यांपाशी एकट्याच होत्या. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

“शकुताई, चूक माझीच होती. दिवा मीच चालू ठेवला. आणि तसं बोलायला नको होतं मी. माफ करा.”

त्यांनी नळ बंद केला. “मॅडम, तेव्हा तुम्ही दार लावून नव्हता बोललात.”

मी मागे वळून बंद दाराकडे बघितलं.

“चहाला सगळे जमलेत. चला, तिथे बोला.” त्यांनी दार उघडून धरलं. समोर साहेब, नितेश, श्वेता, सगळे कप घेऊन हसत होते.

“सोमवारी मीटिंगमध्ये सांगते ना,” मी म्हटलं. “नक्की.”

“बरं,” म्हणाल्या आणि पुन्हा नळ सोडला.

दोन सोमवार झाले. दोन्ही वेळा मी तोंड उघडलं आणि दुसरंच काहीतरी बोलले. शकुताई अजून बाटल्याच धुताहेत. मला माझी लाज वाटते, आणि हे मी लिहितेय तेही दार लावूनच.