आरशावरचं चर्च

फिलिपिन्समधल्या एका जुन्या चर्चची गोष्ट मी इतकी वर्षं रंगवून सांगत आलो की लोकांना ती माझीच वाटते. ती माझी नाही, हे आता सांगून टाकतो. ती कुवेत शहरातल्या मिरकाब भागात माझे केस कापणाऱ्या फिलिपिनो न्हाव्याची आहे.

तो कंगव्याच्या टोकाने आरशावर गाव दाखवायचा. इथे समुद्र, इथे चर्च. मोडक्या हिंदीत म्हणायचा, "सर, भिंतीच्या चुन्यात अंड्याचा पांढरा भाग आहे. उरलेल्या बलकाची आमच्या आज्या मिठाई करायच्या."

"मग मी शाकाहारी माणूस आत कसा जाऊ?"

"सर, बघायचं. चाटायचं नाही!" मग कात्री थांबवून म्हणाला, "गेलात तर माझ्यासाठी मेणबत्ती लावा. मला एकदा घरी जायचंय."

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा आल्या. मी जॉर्डनमार्गे मुंबईला पोहोचलो. त्याचं काय झालं, कळलं नाही.

पुढे बायकोबरोबर सहलीला गेलो, तेव्हा ते चर्च गाठलं. मेणबत्ती लावताना शेजारच्या बाईने विचारलं, "कुणासाठी?"

दर महिन्याला त्याच्यापुढे मान वाकवली होती, पण नाव कधी विचारलं नव्हतं. मी दोन बोटांची कात्री करून दाखवली.