व्यंकटरावांना चोपन्न

प्रज्ञेश खिल्लारेने आयुष्यात दोनदा फुटबॉलला लाथ मारली, आणि दुसऱ्यांदा तो दगड निघाला. हे तो स्वतःच सांगायचा. जवळा बाजारच्या शाळेत कबड्डीच्या पोरांनी त्याला संघात घेतलं होतं ते चपला सांभाळायला, आणि त्या कामातही एकदा मास्तरांचीच चप्पल हरवली. असा हा गडी. पण अठ्ठ्याण्णव सालचा विश्वचषक त्याने शेजारच्यांच्या टीव्हीवर पाहिला आणि फुटबॉल त्याच्या डोक्यात जो शिरला तो शिरलाच. पायांपर्यंत मात्र कधी उतरला नाही.

पुढे तो वसमतला एमएस-सीआयटीचे क्लास घेऊ लागला. पोरांना फाइल कशी सेव्ह करायची ते शिकवायचं आणि बॅच सुटली की त्याच कॉम्प्युटरवर फुटबॉलचा गेम लावायचा. दोन हजार पाचच्या सुमारास त्याला इंटरनेटवर आपल्यासारख्याच रिकामटेकड्यांचा एक गट सापडला. गेममध्ये हल्लीचे खेळाडू होते. ही मंडळी त्यात जुन्या काळातले खेळाडू घालत. खेळाडू घालायचा म्हणजे त्याला गुण द्यायचे. धाव किती, दम किती, नेम कसा, डोक्याने चेंडू मारतो का, डावा पाय चालतो का, सगळं शंभरपैकी. जो माणूस पन्नास वर्षांपूर्वी खेळून गेला आणि ज्याची धड फिल्मही नाही, त्याच्या दमाला ब्याऐंशी द्यायचे की चौऱ्याऐंशी, यावर पोर्तुगालचा एक दंतवैद्य आणि तुर्कस्तानचा एक बसचालक आठवडाभर भांडत. प्रज्ञेशला हे लोक फार जवळचे वाटत.

एकदा त्या बसचालकाने विचारलं, भारतातला १९५०च्या काळचा एखादा संघ कोण करील? गटात भारतीय एकटा प्रज्ञेश.

"अडला हरी," तो घरी येऊन बायकोला, ऐश्वर्याला म्हणाला, "आन् ज्याचे पाय धरले ते मी."

"तुमाला त्यातलं काय कळतं?"

"काय बी न्हाई. पन मला कळत न्हाई हे तिकडं कुनाला म्हाईत न्हाई."

त्या काळी आपला भाग हैदराबादेत मोडायचा, म्हणून त्याने हैदराबादचाच एक संघ निवडला. जुन्या स्मरणिका, कात्रणं, जे हाती लागेल ते गोळा केलं. "चपळ" असं लिहिलेलं दिसलं की धाव पंच्याऐंशी. "धिप्पाड" दिसलं की ताकद नव्वद. फोटोत त्यातल्याच एकाच्या मिशा झुबकेदार होत्या, तर तेवढ्यावर त्याची आक्रमकता पाचाने वाढवली. स्वतः चपला राखलेला माणूस आता भल्याभल्यांना मार्क देत होता, आणि या गोष्टीची त्याला लाज वाटायच्या ऐवजी मजा वाटत होती. फोटोच्या कडेला व्यंकटराव नावाचा एक उंच पोरगा उभा होता. त्याच्याबद्दल कुठे अवाक्षर सापडेना. प्रज्ञेशने त्याला सरसकट चोपन्न देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी तो फोटो, खाली व्यंकटरावांच्या गुणांसकट, चुकून स्क्रीनवर तसाच राहिला. हट्ट्याहून क्लासला येणारी प्रतिक्षा तो पाहून थबकली.

"सर, आमच्या आजोबाचा फोटो तुमच्याकडं कसा? आमच्या भिंतीवर हाच हाय."

प्रज्ञेश माउस शोधेपर्यंत तिने खालचा आकडाही वाचला होता.

"चोपन्न म्हंजे पास का नापास?"

"पास," प्रज्ञेश म्हणाला. "काठावर."

"सांगते आजोबाला."

आपण गुण दिलेला माणूस जिवंत असेल, आणि तोही इतक्या जवळ, हे प्रज्ञेशच्या हिशेबातच नव्हतं. मेलेल्यांना मार्क देणं सोपं होतं. ते पेपर फेरतपासणीला पाठवत नाहीत. रविवारी तो मुकाट्याने हट्ट्याला गेला.

व्यंकटराव ओसरीत बाजेवर बसले होते. पंच्याहत्तरी उलटलेली, तरी पाठ ताठ.

"राम राम," ते म्हणाले. "तूच का चोपन्नवाला?"

"जय भीम, काका. व्हय, मीच."

"बस. इतकी तकलीफ घेऊन आलास. चोपन्न काहून दिले ते सांग."

प्रज्ञेशने वाटेत चांगलं लांबलचक उत्तर तयार केलं होतं. ते ऐन वेळी आठवलं नाही. "तुमच्याबद्दल कायच सापडलं न्हाई, काका. अंदाजपंचे दिले."

"आन् बाकीच्याला?"

"त्यास्नी बी अंदाजपंचेच."

"मंग सगळ्याला बराबरच न्याय केलास," व्यंकटराव म्हणाले. "वाच."

प्रज्ञेश छापून आणलेले कागद वाचू लागला आणि म्हातारा कापू लागला. मिशीवाल्याची ताकद नव्वद? त्याचं कायम पोट दुखायचं, साठ कर. गोलकीपरची उडी सत्त्याऐंशी बराबर हाय, पण चेंडू ओला झाला की त्याच्या हातात राहायचा न्हाई, त्याला रकाना हाय का? रकाना नव्हता. निम्मे लोक पायाला पट्ट्या बांधून अनवाणी खेळायचे, ते दाखवलं का? तेही गेममध्ये दाखवता येत नव्हतं.

"मंग तुझ्या गेममधी हाय तरी काय?"

तेवढ्यात द्वारकाबाई चहा घेऊन आल्या. बशी प्रज्ञेशपुढे सरकवत नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "समद्याचे नंबर कापून राहिलात, सोताचं बी सांगा की. लग्नाच्या वक्ती आमच्या बापाला सांगितलं, पोरगं फुटबॉल खेळतं. मागून कळलं, बाहेर बसतं."

व्यंकटरावांनी आपला चहा बशीत ओतून निववला.

"खरं हाय," मग ते म्हणाले. "तीन वर्सं संघात व्हतो, खेळलो कमीच. माझ्या जागंवरचा गडी लई चांगला व्हता. रोज वाटायचं, ह्याचा पाय मोडावा. मोडला न्हाई."

प्रज्ञेशला एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. फरक इतकाच, की व्यंकटरावांना निदान मैदानाची कड तरी मिळाली होती. हा पठ्ठ्या वसमतमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हैदराबाद चालवत होता.

"कोन व्हता तो?" त्याने विचारलं.

व्यंकटरावांनी फोटोतल्या मधल्या, बुटक्या माणसावर बोट ठेवलं. "रहमत. त्याला किती दिले?"

"एकाहत्तर."

म्हातारा बाजेवरून उठला. "एकाहत्तर?" त्याने पायातली चप्पल काढून ओसरीच्या फरशीवर ठेवली आणि उघड्या पायाच्या आतल्या बाजूने तिला असं अलगद वळवून ढकललं, की चप्पल आवाज न करता भिंतीशी जाऊन थांबली. "हे मला जमतं तसं. तो पळता पळता करायचा, समोर दोन मानसं आसताना. पंच्याण्णव लाव."

"काका, इतके कुनालाच न्हाई दिले."

"लाव म्हनतो ना. त्याच्यापायी मी तीन वर्सं बसलो. एकाहत्तरवाल्यापायी बसलो म्हनून सांगू का लोकास्नी?"

प्रज्ञेशने लावले.

"आन् तुमाला?"

"चोपन्न ऱ्हाऊ दे. पास हाय ना?"

गटात या पंच्याण्णववर अर्थातच गहजब झाला. दंतवैद्याने पुरावा मागितला. प्रज्ञेशने आपल्या मोडक्या इंग्रजीत कळवलं की, याच्यामुळे ज्याला खेळायला मिळालं नाही त्याने स्वतः सांगितलंय. मग बसचालकाचं एका ओळीचं उत्तर आलं: असा पुरावा आमच्या एकाही खेळाडूकडे नाही, आकडा राहू दे.

दिवाळीनंतर प्रज्ञेश क्लासमधला एक कॉम्प्युटर काळीपिवळी जीपमध्ये घालून हट्ट्याला घेऊन गेला. व्यंकटराव, द्वारकाबाई, प्रतिक्षा समोर बसले. गेम सुरू झाला तेव्हा कळलं, की प्रज्ञेशला गुण देता येत होते, खेळता येत नव्हतं. त्याच्या हाती पडलेला पंच्याण्णवचा रहमत चेंडू सोडून भलतीकडेच पळत सुटला. समोरच्या संघाचे तीन गोल झाले.

"ह्या लेकराला कुनी खेळायला सांगितलं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

प्रज्ञेशलाही तेच वाटत होतं. काहीतरी भरपाई करावी म्हणून त्याने मिशीवाल्याला बाहेर काढलं आणि व्यंकटरावांना मैदानात घेतलं. स्क्रीनवरचा उंच पोरगा पळत आत आला. व्यंकटराव पुढे वाकले. रहमतकडून चेंडू त्याच्याकडे गेला, त्याने मारला, आणि तो गोलखांबावरून कुठल्या कुठे गेला.

"असाच मारायचो," व्यंकटराव समाधानाने म्हणाले. "आता परत दे त्याच्याकडं चेंडू."

आणि लाईट गेली. लोडशेडिंगची वेळ झाली होती. प्रज्ञेश वायरी गुंडाळायला उठला.

"बस," व्यंकटराव काळ्या स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "येईल इतक्यात."