माघारीला मान मिळवून देणारे डॉक्टरआबा

डॉ. यादवराव सोनवणे यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली आणि त्या भांडणात मी साफ चुकलेला होतो. गौरवग्रंथाच्या संपादकांनी ‘पहिल्या भेटीपासून सुरुवात करा’ असे कळवले, तेव्हा मी चार दिवस कागद कोराच ठेवला. पहिल्या भेटीत मी त्यांना चारचौघांत ‘चालते व्हा’ म्हणालो होतो, हे षष्ट्यब्दीच्या ग्रंथात लिहावे की नाही, ते कळेना. शेवटी आबांनाच विचारले. ते म्हणाले, “लिहा. नाहीतर लोकांना वाटेल, आपण पहिल्यापासून शहाणे होतो.”

आमचे घराणे राजस्थानातून आलेले. पिंपळनेरच्या बाजारात आजोबांच्या वेळेपासूनचे किराणा दुकान आहे. मुंगीला साखर घालणाऱ्या या घरात मला शर्यतीच्या घोड्याचे वेड कुठून लागले, कोण जाणे! वडील म्हणत, “गिऱ्हाईक ओट्यावर ताटकळतंय आणि हा घोड्याला खरारा करतोय.” माझ्या त्या घोड्याचे नाव राजा. आमच्या भागातल्या एका गावाला सुगीनंतर यात्रा भरे आणि तिथे टांग्यांच्या शर्यती होत. दोन-दोन टांग्यांची जोडी चिठ्ठी टाकून ठरायची. जिंकेल तो पुढच्या फेरीत आणि शेवटच्या फेरीत जिंकेल त्याला देवळापुढे गुलाल. सकाळी सगळ्या मालकांनी मिळून देवाला नारळ फोडायचा आणि एकदा नारळ फुटला की माघार नाही, अशी तिथली रीत होती. तरीही कुणी घोडा मागे घेतलाच, तर त्याचा चाबूक देवळासमोरच्या कडुलिंबाला टांगत. तो पुढच्या यात्रेपर्यंत तिथेच लोंबकळायचा आणि येणारा-जाणारा विचारायचा, ‘हा कुणाचा हो?’

त्या वर्षी नारळ फुटल्यावर राजाच्या मागच्या पायाला सूज दिसली. हात लावला की तो पाय उचलायचा. मी वर घट्ट पट्टी बांधली आणि टांगा जुंपला. तेवढ्यात सदरा-पायजमा घातलेले, सायकलीच्या घंटीवर टोपी अडकवलेले एक गृहस्थ आले आणि त्यांनी सरळ राजाचा लगाम धरला. “हा घोडा धावणार नाही,” ते म्हणाले. मी विचारले, “तुम्ही कोण सांगणार?” ते म्हणाले, “मी इथला नवा गुरांचा डॉक्टर.” मी म्हणालो, “मग गुरांकडे बघा आणि इथून चालते व्हा.” हसणारे हसले. मी टांगा सोडला. ती फेरी आम्ही जिंकलो, पण पल्ला ओलांडल्यावर राजा जो बसला, तो चौघांनी आधार देऊन उठवावा लागला. तो पुन्हा कधी धावला नाही. एका चाबकाच्या लाजेपायी मी मुक्या जनावराचा पाय घालवला. आज इतक्या वर्षांनीही हे लिहिताना मला स्वतःची शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गृहस्थ सायकल हाणत आमच्या दारी हजर झाले. ‘मी सांगितले नव्हते का?’ हे वाक्य ऐकायची मी तयारी करून ठेवली होती. ते वाक्य त्यांनी तेव्हाही उच्चारले नाही आणि आजतागायत उच्चारलेले नाही. “गरम पाणी आणा,” एवढेच म्हणाले. सव्वा महिना ते रोज येत होते. राजा चालता झाला, परसात आनंदाने हिंडू-फिरू लागला. वडिलांनी त्यांना जेवायला बसवले, तेव्हा आबांनी ताटातली अर्धी पोळी गुपचूप खिशात घातली. ती राजासाठी होती, हे मला नंतर कळले. त्यांच्या कुठल्याही सदऱ्याचा खिसा हुंगावा, गुळाचा वास येईल. अक्का, म्हणजे आबांच्या सौभाग्यवती, मुंग्यांच्या त्रासाने त्यांचे कपडे वेगळ्या खुंटीला टांगतात.

दवाखान्यात त्यांनी रांगेचा नियम घातला होता. एकदा डोंगरातल्या पाड्यावरून एक म्हातारी शेळी खांद्यावर घेऊन आली होती. मागून एका बड्या बागायतदाराचा गडी बैलजोडी घेऊन आला आणि ‘मालकाचे बैल आहेत’ म्हणून पुढे घुसू लागला. आबा म्हणाले, “बैल मालकाचे असतील. पाळी शेळीची आहे.” मात्र दम लागलेले जनावर दिसले की हीच रांग ते स्वतः मोडत आणि का मोडली, ते रांगेतल्या प्रत्येकाला सांगत. नियम करणारे पुष्कळ पाहिले. नियम कशासाठी केला, ते लक्षात ठेवणारे मी एकटे आबाच पाहिले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पुढच्या यात्रेआधी शर्यतीच्या पंचांची बैठक कडुलिंबाखाली भरली. सुखदेवनाना पाटील हे पंचांचे मुख्य आणि ‘वादळ’ या नामांकित घोड्याचे मालक. नानांचा दरारा असा की ते बोलत असताना लोक पानसुद्धा चावत नसत. आबांनी उभे राहून विनंती केली, की दुखावलेला घोडा मागे घ्यायला मोकळीक द्या आणि तो चाबूक टांगणे बंद करा.

नाना म्हणाले, “डाक्टर, नारळ फुटना म्हणजे देवले शबद दिधा. आते माघार कशी लेवानी?”

आबा म्हणाले, “नाना, शब्द तुम्ही दिला. घोड्याने कुठे दिला? त्याला तर कुणी विचारलंच नाही.”

बैठकीत कुणीतरी फिसकन हसले. नानांनी तिकडे पाहिले आणि हसणे थांबले. तीन तास काथ्याकूट झाला. अखेर ठरले ते असे : सकाळी डॉक्टरांनी घोडे तपासायचे आणि मगच नारळ फोडायचा. नारळानंतर घोडा दुखावला, तर डॉक्टरांच्या शब्दावर माघार घेता येईल आणि त्याचा चाबूक टांगायचा नाही. पण धडधाकट घोडा डाव साधण्यासाठी मागे घेतला, तर चाबूक झाडावर. एक कलम आबांनी आग्रहाने घालून घेतले. ज्याचा जोडीदार माघार घेईल, त्याने पूर्ण पल्ला एकट्याने धावायचा. नाहीतर एकाचा घोडा दमणार आणि दुसरा सावलीत उभा राहून ताजातवाना पुढच्या फेरीत जाणार. थोडक्यात, न धावता गुलाल नाही. हा ठराव माझ्या अक्षरात लिहिलेला आहे, कारण त्या दिवसापासून मी शर्यतीचा चिटणीस झालो.

ठराव झाला खरा, पण तीन वर्षे माघार म्हणून कुणी घेतली नाही. कागदावरची लाज पुसली तरी मनातली कशी पुसणार? नारळानंतर घोडा लंगडला, तर मालक तो आबांच्या नजरेआड ठेवीत आणि आयत्या वेळी जुंपून पळवीत. आबा धावत जाऊन लगाम धरत आणि शिव्या खात. “पहिला माणूस हवा,” ते मला म्हणत. “वजनाचा माणूस हवा. त्याने एकदा माघार घेतली की बाकीच्यांना जड जाणार नाही.”

चौथ्या वर्षी शेवटच्या फेरीत दोनच टांगे उरले. एक नानांच्या वादळचा आणि दुसरा माझ्या ‘पाखरू’ या घोडीचा. उन्हे उतरायला लागली होती. ढोल चालू होते आणि माणसे तर मुंग्यांसारखी जमलेली. फेरीआधी दोन्ही घोडे पाहताना आबा वादळच्या पायांशी वाकले, उठले, पुन्हा वाकले. मग म्हणाले, “नाना, हा धावणार नाही.”

“मना घोडाले काय व्हयनं? सकायपाईन हरभरा खाई ऱ्हायना,” नाना गरजले.

आणि गर्दीतून आवाज आला, “डाक्टर शांतिशेटना दोस्त शे! बठ्ठं ठरेल शे!”

शांतिशेट म्हणजे मी. आबा माझे स्नेही हे साऱ्या तालुक्याला ठाऊक. त्यांच्या एका शब्दाने नाना बाहेर पडणार आणि गुलाल माझ्या अंगावर पडणार. आबांचे एवढ्या वर्षांचे नाव त्या घटकेला धुळीत जाणार होते आणि त्यांच्या मागे तो ठरावही. मी पुढे झालो आणि म्हणालो, “आबा, मीही पाखरू मागे घेतो. कुणालाच गुलाल नको.” मला वाटले, मी फार मोठा त्याग करतो आहे. आबा माझ्यावर असे कडाडले, की तसे ते राजाच्या वेळीही कडाडले नव्हते. “धडधाकट घोडी मागे घेणार? मग तुमचा चाबूक मी स्वतः झाडाला टांगेन. लंगड्याला पळवणं हे खोटं आणि धडधाकटाला मागे ठेवणं हेही खोटंच.”

मग त्यांनी ढोल थांबवले. दोन्ही घोडे सोडून देवळाच्या दगडी फरशीवर आणायला सांगितले. “मऊ मातीत पाय लपतो,” ते गर्दीला म्हणाले. “दगडावर लपत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच ऐका.” पहिल्यांदा त्यांनी माझी पाखरू दुडक्या चालीने फिरवली. हिचा पाय चुकला तर हीसुद्धा बाद, हे त्यांनी आधीच जाहीर केले. पाखरूचे खूर सारखे वाजले, प्रत्येक ठोका तेवढाच खणखणीत. मग आबा नानांच्या जवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, “नाना, तुमच्याएवढं घोड्याचं ज्ञान इथे कुणाला नाही. डोळे मिटा आणि ऐका.”

नानांनी डोळे मिटले. वादळ फरशीवरून गेला. एक ठोका खणखणीत, एक दबका. एक खणखणीत, एक दबका. हजारो माणसे उभी होती आणि खुरांखेरीज काही ऐकू येत नव्हते. नानांनी डोळे उघडले नाहीत. “परत,” ते म्हणाले. वादळ परत गेला. मग नाना स्वतः खाली बसले, घोड्याचा डावा पुढचा पाय त्यांनी मांडीवर घेतला आणि टाचेखालची जागा अंगठ्याने दाबली. वादळने पाय झटकला. मागच्या फेरीत खुराखाली खडा लागला होता.

नाना उठले आणि पागोटे सारखे करून खड्या आवाजात म्हणाले, “मी माघार लेस. ज्याले हासानं शे, त्यानी मनासमोर ईसन हासानं.”

कुणीही हसले नाही. आबांनी खिशातला गुळाचा खडा वादळला चारला आणि देवळातला हार आणवून त्याच्या गळ्यात घातला. गुलालाच्या आधी घोड्याच्या गळ्यात पडलेला तो पहिलाच हार! ढोलवाल्यांना त्यांनी खूण केली आणि माघारीच्या घोड्यापुढे त्या यात्रेत प्रथमच ढोल वाजले. माझ्या डोळ्यांना पाणी आले आणि ते मी लपवले नाही.

आता मला एकट्याने धावायचे होते. निशाण नानांनी हातात घेतले. माझ्याजवळ येऊन म्हणाले, “पळव शेट. लगाम वढा ते मी दखसू.” मी लगाम ओढला नाही. समोर कुणी नसताना घोडी कशी धावणार, ही भीती होती. पण दोन्ही बाजूंनी माणसे ओरडू लागली आणि पाखरू अशी सुटली, की माझी टोपी कुठे पडली ते मला दुसऱ्या दिवशी कळले. पल्ला संपला तेव्हा लोक म्हणत होते, जोडीने धावली असती तरी यापेक्षा जास्त धावली नसती. गुलाल नानांनी माझ्या कपाळाला लावला. त्याच वर्षी आणखी दोन गावांच्या पंचांनी आमच्या ठरावाची नक्कल मागून नेली. पुढे जामनेरकडच्या शर्यतीतही डॉक्टर बोलावून घोडे तपासायची पद्धत सुरू झाली आणि तिथे माघार घेणाऱ्या मालकांची नावे आता मानाने पुकारली जातात.

पुढच्या वर्षी बरा झालेला वादळ आला आणि शेवटच्या फेरीत त्याने माझ्या पाखरूला दोन टांग्यांच्या अंतराने हरवले. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी हरलो नाही. नानांनी गुलालाला कपाळ पुढे केलेच नाही. ते गर्दीतून थेट आबांकडे गेले, त्यांचा हात धरून त्यांना टांग्यात बसवले आणि लगाम त्यांच्या हातात दिला. ज्यांनी आयुष्यभर लगाम धरला तो घोडे थांबवण्यासाठी, ते आबा त्या दिवशी भर बाजारातून टांगा हाकत गेले. ते इतका वाईट टांगा हाकतात, की दोन भाजीवाल्यांनी टोपल्या उचलून पळ काढला. लोक मात्र गुलाल उधळतच राहिले.

डॉक्टरआबा निवृत्तीनंतर धुळ्याला स्थायिक झाले असले, तरी यात्रेला त्यांना न्यायला दरवर्षी आमचा टांगा जातो. साठ वर्षे पूर्ण केल्याबद्दल मी त्यांना या भागातल्या सगळ्या घोडेवाल्यांच्या वतीने साष्टांग नमस्कार करतो. परमेश्वराने त्यांना आणि अक्कांना निरोगी, भरभक्कम आयुष्य द्यावे. ते आमच्यासाठी मागतो आहे, त्यांच्यासाठी नव्हे. अजून पुष्कळ मालक हट्टाला पेटून टांगा जुंपणार आहेत. प्रत्येकाच्या घोड्याचा लगाम धरून ‘हा धावणार नाही’ असे तोंडावर सांगणारे आबा शंभर वर्षे आमच्यात असोत आणि तेव्हा त्यांचे ऐकण्याची अक्कल देव आम्हाला माझ्यापेक्षा लवकर देवो.