हिरडीतले किडे

पोटदुखीवाला पोट दाखवतो, तापवाला हात पुढे करतो. हिरडीवाला मात्र आधी पदराआड नाहीतर पंच्याआड तोंड लपवतो, आणि ते एकदा उघडलं की दुखण्याच्या आधी किस्साच बाहेर पडतो! जव्हार संस्थानच्या दवाखान्यात पाणी उकळायला आणि रोग्यांची डोकी घट्ट धरायला मी आहे. शिकले मराठी चौथी. पण डोळे उघडे ठेवायला शाळा लागत नाही.

*

पहिलं तोंड माझंच. मी डॉक्टरांना म्हटलं, "सगळ्याच बायकांच्या हिरड्यांतून रक्त येतं. त्यात काय नवल?"

"मशेरी लावतेस?"

"लावते की! तिच्यानंच दात घट्ट राहतात."

त्यांनी नुसतं बोट लावलं. दात हलला.

मग हत्यारानं दाताचं मूळ खरवडून नाचणीच्या दाण्याएवढा पिवळा खडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "हा हिरडीखाली शिरतो. हिरडी सुजते, दात सोडते, मग पू धरते."

तो खडा कागदात बांधून मी आठवडाभर आळीत दाखवत फिरले. सोन्याची नथ कुणी एवढी मिरवली नसेल! मशेरी सुटली, करंजाची काडी आली, रक्त थांबलं.

*

जामसरचा एक शेतकरी. त्याला जांभळी पूड दिली होती. चिमूटभर पाण्यात घालायची, चुळा भरायच्या, गिळायचं नाही. आठ दिवसांनी आला तर हिरडी तशीच.

"औषध घेतलंस का रे?"

"घेतला ना. पाड्यावर वाटून घेतला."

शिकार असो की मासे, तिथं एकट्यानं खायची रीत नाही. घरटी एक चिमूट!

"आणि तुझ्या वाट्याला काय आलं?"

"कागद धुतला, त्याची चूळ भरली."

डॉक्टरांनी हसत दुसरी पुडी दिली. मी बजावलं, "ही वाटलीस तर तुझे दात मी उपटीन!"

*

चैतीच्या वेळी मात्र कुणी हसलं नाही. मोखाड्याकडची, अंगावर पिणाऱ्या लेकराची आई. झोळीत घालून आणली होती. गाल भोपळ्यासारखा, अंगात ताप, जबडा उघडेना, थुंकीही गिळवेना.

डॉक्टर म्हणाले, "हिरडीतला पू आत्ता काढायला हवा. सूज गळ्यात उतरली तर श्वास कोंडेल."

सासू बुधी आडवी आली. "चाकू नाय लावायचा. बाजारातली बाई किडे काढते, तिच्याकडं परत नेतो."

"आधी किती वेळा काढले?" मी विचारलं.

"चार."

"मग अजून उरले कसे?"

"त्यांना पिलं होतात!"

पळसाच्या पानात किडे बांधूनच आणले होते तिनं. डॉक्टरांच्या भिंगाखाली मी ते धरले. ना डोकं, ना पाय. काटेरी रिंगणीच्या बियांतले कोंब! ती बाई पाण्याच्या थाळीत मधोमध खापरी ठेवते, खापरीत निखारा, निखाऱ्यावर बी. रोगी धुरावर तोंड उघडून वाकतो. बी तडतडतं, कोंब उडून पाण्यात पडतात.

बुधीला भिंग पटेना. घरी धुरी द्यायला त्या बाईनं तिला बी दिलं होतं; तिच्याच कनवटीचं ते बी मी घेतलं, अंगणात थाळी मांडली. "आजी, तू वाक."

"मी कशाला? माझे तोंडात एक दात नाय!"

"म्हणूनच वाक."

वाकली. पाण्यात नऊ पडले!

बुधीनं तोंडात बोट घातलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवून बघितलं. मग माझ्याकडे वळली. "चाकू उकळलास का, बाय?"

चैतीचं डोकं मी धरलं. वाटीभर पू निघाला. दुसऱ्या दिवशी तिनं पेज मागितली.

*

पुढं महिन्याभरानं मी मोखाड्याच्या बाजाराला गेले. किडे काढणाऱ्या बाईपुढं ही गर्दी! मधोमध बुधी, शेजारी चैती भाकरी चावत उभी. बुधीच्या काखेत कोंबडी.

तिनं कोंबडीची चोच उघडली आणि धुरावर धरली. थाळीत टपटप पाच किडे पडले.

बुधीनं त्या बाईला विचारलं, "आता सांग बाय, हिच्या कुठल्या दाढेतले?"